औसा रोडवरील फिजिओथेरपी केंद्र : निवृत्त पॅरा सैनिकाच्या घरातून आठ महिन्यांचा अनुभव

लातूर शहरात औसा रोडवर, एका औषध दुकानाच्या वर पहिल्या मजल्यावर असलेल्या फिजिओथेरपी केंद्रात माझे यजमान गेल्या आठ महिन्यांपासून जात आहेत, आणि त्या अनुभवाविषयी हे लिहीत आहे. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही उणिवाही लिहायच्या आहेत आणि त्या नावानिशी जाहीर कराव्यात इतक्या मोठ्या नाहीत. ज्यांच्या घरी लष्करातून, त्यातही पॅरा (विमानातून छत्रीने उतरणारे सैन्य) किंवा तत्सम विशेष दलातून आलेला माणूस आहे, त्यांना हे ठिकाण शोधायला अडचण पडणार नाही. कँटीनच्या रांगेत चार माजी सैनिकांना विचारले तर एकाला तरी माहीत असते. आम्हालाही पत्ता तसाच मिळाला.

आधी रुग्णाविषयी सांगणे भाग आहे, कारण या केंद्राचे मोल त्याशिवाय कळणार नाही. यजमान औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते चौदा वर्षांचे होते, आणि ढिगारे उपसायला आलेल्या जवानांना पाहून त्यांनी लष्करात जायचे मनाशी ठरवून टाकले. १९९८ मध्ये ते बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले, तीन वर्षांनी पॅराच्या स्पेशल फोर्सेससाठी स्वतःहून नाव दिले, महिनोन्महिने चालणाऱ्या निवडीत टिकले आणि २०२२ मध्ये हवालदार म्हणून पेन्शनवर आले. पलटणीचा क्रमांक लिहीत नाही. मराठा पलटणींचा आणि छत्रीधारी सैन्याचा संबंध मात्र जुना आहे. ११ डिसेंबर १९७१ रोजी, बांगलादेश युद्धात, टांगाइलला छत्रीने उतरलेली २ पॅरा ही मूळची मराठा रेजिमेंटचीच पलटण, आणि २१ मराठा ही पलटण १९९६ मध्ये २१ पॅरा स्पेशल फोर्सेस झाली. त्यामुळे बेळगावात तयार झालेल्या पोरांना पॅराच्या लाल टोपीचे आकर्षण वाटते, यात नवल नाही. यजमान तिच्या रंगाला इंग्रजीतले ‘मरून’ (maroon) म्हणतात. लाल म्हटलेले त्यांना चालत नाही.

त्रेचाळिसाव्या वर्षी घरी आलेला हा माणूस दिसायला धडधाकट होता आणि आजही आहे. सत्काराला आलेल्या गावकऱ्यांनी त्यांचे दंड चाचपून पाहिले होते. परंतु त्याच सत्काराच्या जेवणात ते पंगतीला बसले नाहीत, वाढायला उभे राहिले, आणि सगळ्यांना तो नम्रपणा वाटला. त्यांना मांडी घालून बसता येत नाही, हे तेव्हा मला एकटीलाच ठाऊक होते. सुट्टीवर यायचे तेव्हाही ते जिन्यावरून आडवे, खेकड्यासारखे उतरत. मी विचारले की ‘प्रवासाने अंग आखडले आहे’ असे उत्तर मिळे. पेन्शनवर आल्यानंतर वर्षभरात घरात कमोड बसवावा लागला, दूरदर्शन संचाचा आवाज शेजारच्या घरापर्यंत जाऊ लागला, आणि रात्री अडीचला उठून अंगणात फेऱ्या मारणे हा नित्यक्रम झाला. शेतात खुरपायला बसणे तर सोडूनच द्या, ज्वारीच्या काढणीला दोन तास वाकले की पुढचे दोन दिवस कमरेला पट्टा.

माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून सुरू असलेल्या अंशदायी आरोग्य योजनेचे, म्हणजे ईसीएचएसचे, आम्ही सभासद आहोत. साहजिकच सुरुवात एका पॉलिक्लिनिकपासून केली. ते कोठले हे लिहिण्याचे कारण नाही. तेथे औषधे वेळेवर आणि विनामूल्य मिळाली, ही गोष्ट प्रथम नोंदवते. पण तपासणी साडेतीन मिनिटांत संपली. बाहेर वऱ्हांड्यात बसलेली माणसे पाहिली तर त्या डॉक्टरांचाही नाइलाज असावा. क्ष-किरण चित्र पाहून त्यांनी ‘वयोमानानुसार झीज’ असे लिहिले, कॅल्शियम आणि वेदनाशामक गोळ्या दिल्या, आणि भारी कामे टाळा म्हणाले. रुग्णाचे वय कागदावर पंचेचाळीस होते. पंचेचाळिसाव्या वर्षी हे ‘वयोमान’ कोठून आले, असे मी विचारायला हवे होते. विचारले नाही, याची मला आजही रुखरुख आहे.

औसा रोडवरच्या केंद्रात पहिल्या भेटीला पाऊण तास लागला. तेथील डॉक्टर मॅडम तिशी नुकतीच ओलांडलेल्या आहेत. त्यांनी क्ष-किरण चित्र पाहिले, बाजूला ठेवले आणि विचारले, ‘सर, नोकरी कसली होती?’ यजमानांनी नेहमीप्रमाणे ‘आर्मी’ एवढेच सांगितले. ‘आर्मीत काय करत होता?’ असा पुढचा प्रश्न आला. ‘पॅरा’ हे उत्तर ऐकल्यावर त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि म्हणाल्या, ‘मग जंप किती झाल्या?’

यजमान थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘एकशे सतरा. त्यातल्या रात्रीच्या एकोणीस.’ लग्नाला अठरा वर्षे झाली, हा आकडा मी प्रथमच ऐकत होते. त्यानंतर मॅडमनी पाठीवरचे ओझे किती असायचे, जमीन कसली असायची, कोणता पाय आधी टेकायचा, एखादी उडी चुकली का आणि चुकली तर दुसऱ्या दिवशी काय केले, हे सगळे क्रमाने विचारून लिहून घेतले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होते, ‘बूट घट्ट बांधले.’

उड्यांचा हा प्रश्न किती महत्त्वाचा होता, ते मला नंतर मॅडमनीच समजावून दिले. सैनिकी गोल छत्री माणसाला तरंगत, अलगद उतरवते अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात शत्रूच्या गोळीला हवेत फार वेळ सापडू नये म्हणून ती लवकर खाली आणावी लागते, आणि ओझ्यासह उतरणारा जवान सेकंदाला पाच ते सात मीटर वेगाने जमिनीवर येतो. म्हणजे दीड-दोन मीटर उंचीच्या भिंतीवरून पाठीवर ज्वारीचे अर्धे पोते घेऊन उडी मारण्यासारखे, तेही अंधारात आणि वाऱ्याने बाजूला ढकलले जात असताना. हा धक्का एकाच सांध्याने पेलू नये म्हणून आग्र्याच्या छत्रीधारी प्रशिक्षण शाळेत लोळण घ्यायला शिकवतात : पाय जुळवून आधी चवडे, मग पोटरीची बाजू, मांडी, कुल्ला आणि खांद्यामागचा भाग असे एकामागून एक जमिनीला लावायचे. लोळण नीट पडली तर धक्का अंगभर वाटला जातो. नांगरट, दगड किंवा बांध मध्ये आला तर सगळा घोट्यात, गुडघ्यात आणि कमरेच्या खालच्या मणक्यांत जातो. गुडघ्यातल्या कुर्चेला (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला) स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती झिजली की हाडासारखी भरून येत नाही. उड्यांच्या जोडीला तीस-चाळीस किलो ओझे घेऊन डोंगर चढणे-उतरणे, आणि विशेषतः उतरणे, हे वर्षानुवर्षे चालूच असते. नुसता जिना उतरतानादेखील गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिप्पट-चौपट भार येतो, तर ओझ्यासह खडा उतार काय करत असेल, याचा हिशेब वेगळा मांडायला नको.

तपासणीतला एक क्षण माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मॅडमनी यजमानांना पलंगाच्या कडेला बसवले, उजव्या गुडघ्याच्या वाटीवर तळवा टेकवला आणि पाय हळूहळू सरळ करायला सांगितला. मग माझा हात धरून तोच तळवा माझा ठेवायला लावला. आत जात्यात खडा सापडावा तशी करकर हाताला लागत होती. डाव्या गुडघ्यात ती कमी होती. त्यानंतर कापसाचा बोळा घेऊन त्यांनी पायांची बोटे तपासली आणि डाव्या पायाची शेवटची दोन बोटे बधिर निघाली. ‘हे कधीचे?’ असे विचारल्यावर ‘सियाचीनचे’ एवढेच यजमान म्हणाले. बोटे काळी पडली नव्हती, गळाली नव्हती, म्हणून त्यांनी तो हिमदंश कधी मोजलाच नव्हता. मॅडमना मात्र त्यातून तोल का जातो याचा एक धागा मिळाला, आणि व्यायामात एका पायावर उभे राहण्याचा भाग वाढला.

उपचार म्हणाल तर त्यात चमत्कार काही नाही. पहिले दोन आठवडे शेक आणि दुखणे कमी करणारी विजेची यंत्रे होती; त्यानंतर यंत्रे जवळजवळ बंद झाली आणि व्यायाम सुरू झाला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबून धरणे, पाय सरळ ठेवून वीतभर उचलणे, भिंतीला पाठ लावून अर्धवट बसणे, पालथे झोपून कोपरांवर छाती उचलणे, असे ते साधे प्रकार आहेत. यजमानांना हे प्रथम अपमानास्पद वाटले. ज्याने सकाळी वीस किलोमीटर धावून मग नाश्ता केला, त्याला टॉवेल दाबायला सांगणे म्हणजे काय! तिसऱ्या दिवशी त्यांनी दहाऐवजी शंभर वेळा केले आणि गुडघा सुजवून घेतला. मॅडम रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘सर, इथे जास्त करणारा नापास होतो.’ हे वाक्य त्यांना लागू पडले. दुखणे दाबून पुढे जाणे हेच ज्या नोकरीत गुणाचे मानले जाते, त्या नोकरीतून आलेल्या रुग्णाला थांबायला शिकवावे लागते, आणि हे ज्याला उमगले आहे असा फिजिओथेरपिस्ट मिळणे हे मी या केंद्राचे पहिले वैशिष्ट्य मानते.

दुसरी गोष्ट वेदनाशामक गोळ्यांची. गोळी घेऊन कूच करण्याची सवय इतकी जुनी होती की यजमान तिला औषधात धरतच नसत. रोज एक, थंडीत दोन, अशी ती अनेक वर्षे चालू होती. मॅडमनी गोळ्यांचा हिशेब मागितला, अशा गोळ्यांनी जठर आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतात असे स्पष्ट सांगितले आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून मूत्रपिंडाची रक्तचाचणी करून आणल्याखेरीज पुढचे सत्र घेणार नाही म्हणाल्या. चाचणी सुदैवाने ठीक आली. गोळी आता आठवड्यातून एखादी लागते. वजनही पाच किलोंनी उतरले आहे. एक किलो कमी झाले की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा चार किलो भार कमी होतो, हे गणित मी त्यांना रोज भाकरी वाढताना ऐकवते.

व्यायामाचा छापील कागद इंग्रजीत होता, ही माझी पहिली तक्रार. तालुक्यातून आलेले म्हातारेकोतारे तो घडी घालून खिशात ठेवतात आणि चित्रे पाहून भलताच पाय उचलतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, तेव्हा राहवले नाही. सगळा कागद मराठीत लिहून दिला. मॅडमनी तो महिनाभर तसाच ठेवला आणि मग छापून घेतला. त्यात माझे एक शुद्धलेखन छापताना बिघडले आहे, ते अजून दुरुस्त झालेले नाही.

दर गुरुवारी तेथे कान तपासणारे एक तज्ज्ञ येतात. यजमानांना तेथे नेणे गुडघ्यांपेक्षा अवघड गेले, कारण ‘मला ऐकू येते’ यावर ते ठाम होते. आणि ते खरेही होते, आवाज येत होता. शब्द येत नव्हते. बंद खोलीत बसवून, कानांवर यंत्र लावून जो आलेख काढला, त्यात रेषा बऱ्याच अंतरापर्यंत सरळ गेली आणि ४००० हर्ट्झच्या जवळ विहिरीत पडावी तशी खाली गेली. तज्ज्ञांनी आलेख पाहून विचारले, ‘उजव्या खांद्यावरून फायर करत होता ना?’ कारण डावा कान उजव्यापेक्षा जास्त गेला होता. उजव्या खांद्याला बंदूक लावली की डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो. रायफलीच्या एका गोळीचा आवाज कानापाशी १५० डेसिबलच्या वर जातो, तर अशा क्षणिक आवाजाची धोक्याची मर्यादा १४० मानली जाते. आतल्या कानात जन्मतः जेमतेम पंधरा-सोळा हजार संवेदी पेशी असतात, आणि मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. उंच पट्टीच्या पेशी आधी जातात; त्यामुळे स, श, फ, त ही अक्षरे हरवतात, आणि बायकांचे व लहान मुलांचे बोलणे सगळ्यात आधी अस्पष्ट होते. ‘बाबा ऐकून न ऐकल्यासारखे करतात’ अशी धाकट्या मुलीची तक्रार पाच वर्षे चालली होती. त्या खोलीतून बाहेर आल्यावर तिच्यापाशी आम्हा दोघांनाही काही बोलता आले नाही.

कानात सतत वाजणारी शिट्टी यंत्राने जाणार नाही, फार तर कमी जाणवेल, हे तज्ज्ञांनी आधीच सांगितले. ते स्वतः श्रवणयंत्रे विकतात. तरीही ‘तुम्हाला योजनेतून मिळू शकते, आधी तिकडे अर्ज करा’ असा सल्ला त्यांनी दिला. धंदा करणाऱ्या माणसाने हे सांगावे याचे मला अप्रूप वाटले. यंत्र यायला वेळ लागला, पण आले. यजमान ते घरात लावतात, बाहेर जाताना खिशात ठेवतात. त्याला केंद्र काय करणार!

डोकेदुखी, विसरभोळेपणा आणि रात्रीच्या फेऱ्या यांबाबत मात्र मॅडमनी हात वर केले, आणि मला ते प्रामाणिकपणाचे वाटले. त्यांनी एवढेच विचारले की स्फोटकांचे किंवा रॉकेट लाँचरचे काम किती केले. यजमानांनी दोन वर्षे ८४ मिलिमीटर लाँचरचे प्रशिक्षण दिले होते. शिकणारा जवान दोन-चार वेळा डागून जातो. शिकवणारा दिवसभर त्याच्या शेजारी गुडघा टेकून बसतो. मॅडम म्हणाल्या, ‘हे माझ्या हातातले नाही, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा आणि हा प्रश्न त्यांनी नाही विचारला तर तुम्ही सांगा.’ त्यानंतर मी जे वाचले त्यातले थोडे येथे देते. अमेरिकेच्या लष्करी वैद्यकीय विद्यापीठातील संशोधकांनी स्फोटांना सामोरे गेलेल्या सैनिकांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले आणि २०१६ मध्ये असे नोंदवले की मेंदूचा करडा आणि पांढरा भाग जेथे जोडले जातात तेथे व्रणासारख्या खुणा होत्या. तपासलेले मेंदू थोडे होते, आणि अशा खुणा नेहमीच्या स्कॅनमध्ये दिसत नाहीत. पुढे २०२० मध्ये तिकडच्याच एका मानसशास्त्रज्ञाने विशेष दलांतील सैनिकांच्या एकत्र आढळणाऱ्या तक्रारींना ‘ऑपरेटर सिंड्रोम’ असे नाव दिले : डोक्याला बसलेले धक्के, झोपेचे विकार, संप्रेरकांचा बिघाड, सांधेदुखी, पाठदुखी, डोकेदुखी, चिडचीड, सतत सावध राहणे, स्मरणशक्तीच्या तक्रारी. मी ती यादी वाचली तेव्हा यजमान समोर भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून चहा पीत होते. उपाहारगृहातही ते तशीच जागा धरतात. मेंदूच्या डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आलो आहोत, झोपेची चाचणी व्हायची आहे. त्याविषयी निष्कर्ष निघाल्याशिवाय लिहिणे योग्य होणार नाही.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसले, ती सांगते. चौथ्या-पाचव्या भेटीत मॅडमनी नोकरीच्या काळातील वैद्यकीय कागद मागितले. घरी पेटी उघडली, तर कागद जवळजवळ कोरे. लष्करात जवानाची प्रकृती ‘शेप’ (SHAPE) या पाच इंग्रजी अक्षरांत मोजतात : मन, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी. पाचही ठीक असतील तर शेप-वन. एखाद्यात उणे निघाले की ‘कॅटेगरी’ लागते. विशेष दलात कॅटेगरी लागली की उडी बंद, तुकडीतून बाहेर, भत्ता बंद, बढतीला खीळ. म्हणून घोटा मुरगळला तरी बूट घट्ट बांधायचे, कान वाजला तरी तपासणीत अंदाजाने बोट वर करायचे, आणि एमआय रूमच्या, म्हणजे पलटणीच्या दवाखान्याच्या, नोंदवहीत नाव चढू द्यायचे नाही. माझे यजमान २४ वर्षांनंतर शेप-वन म्हणून बाहेर पडले. पेन्शनला येताना त्यांनी तो शेरा मला अभिमानाने दाखवला होता. आज त्याच शेऱ्यामुळे त्यांचे गुडघे, कान आणि कंबर हे सगळे ‘वयोमान’ ठरते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात असे म्हटले की भरतीच्या वेळी नोंदलेला नसलेला आजार नंतर उद्भवून त्यामुळे जवान सेवेतून बाहेर पडला, तर तो सेवेमुळेच झाला असे सर्वसाधारणपणे धरावे. पण त्यासाठी जाताना कोणीतरी आजार लिहिलेला असावा लागतो. निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळासमोर जे बोलले जात नाही, त्याची टक्केवारी लागत नाही, आणि अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी किमान २० टक्के लागतात.

मॅडमनी स्वतः होऊन चार पानांचा अहवाल लिहून दिला. त्यात उड्यांची संख्या, ओझे, चुकलेल्या तीन उड्या, बधिर बोटे, सांध्यांची मोजमापे, कानाचा आलेख, सगळे तारीखवार आहे. याने निवृत्तिवेतनात फरक पडेल असे आश्वासन त्यांनी दिले नाही आणि आम्हीही धरलेले नाही; अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सल्ल्यासाठी दिला आहे. परंतु हा अहवाल यजमानांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डिस्चार्ज बुकाशेजारी ठेवला, आणि त्या संध्याकाळी गावातली भरतीची तयारी करणारी दोन पोरे धावण्याचे वेळापत्रक विचारायला आली तेव्हा त्यांना ते सांगून झाल्यावर वर म्हणाले, ‘आणि लागलेले सगळे लिहून घेत जा रे.’ पोरांना ते कळले नाही. ती पुन्हा धावण्याविषयीच विचारू लागली.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात. पहिल्या तपासणीचे पाचशे रुपये आणि दर सत्राचे साडेतीनशे पडतात. आठवड्याला तीन सत्रांनी सुरुवात झाली, आता पंधरवड्याला एक आहे. केंद्र ईसीएचएसच्या यादीत नसल्याने हा खर्च आमचा आम्हीच केला, आणि हवालदाराच्या पेन्शनीत तो जाणवतो. माजी सैनिकांना सवलत आहे का, असे मी विचारले नाही. एक-दोघांना दिलेली ऐकली. वेळ ठरवून दिली जाते, परंतु सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान ती अर्ध्या-पाऊण तासाने सरकते. मॅडमच्या हाताखालचा तरुण होतकरू आहे, मात्र तो सगळ्यांना एकाच मापाचे व्यायाम सांगतो. मॅडम रजेवर असतील त्या दिवशी जाण्यात अर्थ नाही. वीज गेली तर यंत्रे बंद पडतात आणि इन्व्हर्टर फक्त पंख्यांपुरता आहे. गुरुवारी कानाच्या तपासणीची खोली रस्त्याच्या बाजूला असल्याने बाहेरचे हॉर्न आत येतात. आमची चाचणी एकदा मध्येच थांबवून दुपारी परत घ्यावी लागली.

फायदा किती झाला, तर यजमान आता स्टुलावर बसून खुरपतात, एक किलोमीटरऐवजी चार किलोमीटर न थांबता चालतात, आणि जिना चढताना सरळ चढतात. मांडी घालता येत नाही आणि येणारही नाही, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. करकर आहे तेवढीच आहे.

सर्वांत मोठी उणीव मात्र अशी आहे की गुडघ्यांच्या रुग्णांसाठीचे हे केंद्र बावीस पायऱ्या वर आहे आणि लिफ्ट नाही. घरमालक दोन दिवाळ्यांपासून ‘बघू’ म्हणत आहेत. जिन्याला कठडा एकाच बाजूला, चढताना डाव्या हाताला येतो. उजवा गुडघा दुखणाऱ्याला चढताना तो सोयीचा पडतो, पण उतरताना तोच उजव्या हाताला जातो आणि पंचाईत होते. त्यावर मॅडमनी उपाय शिकवला आहे : उतरताना जिन्याकडेच तोंड ठेवायचे, डाव्या हाताने कठडा धरायचा आणि उलट पावली एकेक पायरी खाली यायचे. पहिल्या दिवशी यजमानांनी नकार दिला होता. आता ते तसेच उतरतात, मी दोन पायऱ्या खाली उभी राहून मोजते, आणि बाविसावी झाली की सांगते.